दहा मिनिटे पुढचे घड्याळ

आमच्या भिंतीवरच्या घड्याळाची गोष्ट मी या सदरात आजवर कधी सांगितली नाही. सांगण्यासारखे तीत काही आहे, असे मलाच वाटले नव्हते. किल्लीचे, लंबकाचे, १९७१ साली आमच्या लग्नात माझ्या मामांनी दिलेले हे घड्याळ. पन्नासाहून अधिक वर्षे ते डोंबिवलीच्या आमच्या घरात टोले देत आले आहे. पण या साऱ्या वर्षांत ते बरोबर वेळ दाखवीत नव्हते. बिघडले होते म्हणून नव्हे हं! ते मुद्दाम दहा मिनिटे पुढे ठेवलेले होते.

ही करामत आमच्या 'ह्यां'ची. ह्यांची कचेरी फोर्टात आणि सकाळची आठ-बाविसची लोकल ठरलेली. ती चुकली की साहेबाच्या टेबलावरचे हजेरीबुक आत जाई आणि लाल शाईची फुली पडे. म्हणून दर रविवारी आंघोळ झाली, की हे स्टुलावर चढत, घड्याळाला किल्ली देत, रेडिओच्या बातम्यांवर वेळ जुळवून घेत आणि मग मोठा काटा बोटाने हळूच दहा मिनिटे पुढे सरकवत. "असू दे. मागे राहण्यापेक्षा पुढे बरे," म्हणत.

आता गंमत अशी, की ही युक्ती घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. ज्यांनी ती काढली त्यांना तर सर्वांत जास्त! घड्याळात पावणेआठ वाजले, की हे शांतपणे "म्हणजे सात पस्तीस" म्हणत आणि चहाचा आणखी अर्धा कप मागत. मीही मनातल्या मनात दहा वजा करी. मुले बोलू लागली, चालू लागली, आणि पुढे वजाबाकी शिकली ती बहुधा याच घड्याळावर. हे २०१४ साली गेले. तेव्हापासून दर रविवारी किल्ली मी देऊ लागले आणि काटाही तेवढाच पुढे ठेवू लागले. का, ते विचारू नका. घरातल्या काही गोष्टी आपण विचार करून ठेवीत नाही. त्या तशाच राहतात.

असो. खरी गोष्ट आहे ती आमच्या नातवाची.

नातू आमचा दहा वर्षांचा, पाचवीतला. शाळेतले नाव भारदस्त आहे, पण घरात तो नंदू. मुलगा गुणी. पाढे पाठ, अक्षर बरे, कोणाला उलटून बोलणार नाही. दोष एकच. शाळेची बस सात वाजून पाच मिनिटांनी कोपऱ्यावर येते आणि त्या वेळी नंदूच्या एका पायात मोजा असतो, दुसरा मोजा सोफ्याखाली असतो आणि तोंडात पोळीचा घास असतो. बसवाला तीनदा भोंगा वाजवी. सूनबाई दप्तर घेऊन जिन्यावरून धावे, मागून मी पाण्याची बाटली घेऊन. आठवड्यातून एकदा तरी बस निघून जाई. मग रिक्षा, मग शाळेच्या फाटकातली बोलणी, मग डायरीतला शेरा.

मी ३४ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. तेव्हा हा रोग बरा करण्याचे काम साहजिकच मी अंगावर घेतले. पहिला उपाय गजराच्या घड्याळाचा. ते असे काही किंचाळे, की खालच्या मजल्यावरचे आजोबा उठत. नंदू उठत नसे. दुसरा उपाय तक्त्याचा. वेळेवर निघाला त्या दिवशी तक्त्यावर चांदणी लावायची, दहा चांदण्यांना एक गोष्टीचे पुस्तक. चार चांदण्या लागल्या, मग तक्त्यावर जळमट लागले. तिसरा उपाय उपदेशाचा. वेळ हे धन आहे, गेलेली वेळ परत येत नाही, वगैरे. मुलाने सगळे ऐकून घेतले. माझे ऐकता ऐकता त्याची बस गेली.

आणि मग गेल्या वर्षी, दिवाळीला आठ दिवस असताना, ती संध्याकाळ आली.

नंदूला आकाशकंदील घरी करायचा होता. बाजारात प्लॅस्टिकचे आयते कंदील ढिगाने मिळतात, पण त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, लहानपणी अण्णांबरोबर कामट्यांचा कंदील केल्याची हकिकत त्याला मोठ्या रंगात सांगितली होती. "उद्या मी सहाला घरी येतो. आपण दोघे करू," असा शब्दही दिला होता.

सव्वापाचालाच नंदूने जमिनीवर जुनी वर्तमानपत्रे पसरली. कामट्या लांबीप्रमाणे लावून ठेवल्या. दोरा, कात्री, लाल नि पिवळा पतंगी कागद, झिरमिळ्यांसाठी वेगळ्या पट्ट्या. मी वाटीभर खळ शिजवून दिली. घड्याळाने सहाचे टोले दिले. नंदूने वर पाहिले आणि काही बोलला नाही. मग थोड्या वेळाने आईचा मोबाइल पाहून आला. तो बरोबर वेळ दाखवतो हे त्याला माहीत. तिथेही सहा वाजून गेले होते. साडेसहा झाले. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आजी, बाबांचे सहा म्हणजे किती?"

"म्हणजे काय रे?" मी विचारले.

त्याने अगदी सरळ सांगितले. तक्रार नव्हती, रुसवा नव्हता. गणित सोडवताना पायरी अडावी आणि मुलाने बाईंना विचारावी, तसा सूर होता. "भिंतीवरच्या घड्याळातून दहा वजा करायचे. तू 'पाच मिनिटांत आले' म्हणालीस की पंधरा मिळवायचे. आई 'आत्ता येते' म्हणाली की अर्धा तास धरायचा. बाबांचं मला अजून जमत नाही."

हातातले उलथने मी खाली ठेवले.

चिरंजीव आले पावणेनऊला. मीटिंग लांबली होती, मग गाडीला गर्दी, सगळे खरे. नंदू वर्तमानपत्रावरच झोपला होता. वाटीतल्या खळीवर जाड साय धरली होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी आजवर असे धरून चालले होते, की या मुलाला वेळेचे भान नाही. आणि इथे तर घरातल्या प्रत्येक माणसाच्या वेळेचा हिशेब तो मनात ठेवून होता! त्याला घड्याळ समजत होते. नको इतके समजत होते. सांगितलेली वेळ आणि खरी वेळ या दोन वेगळ्या असतात, हा धडा त्याने घरातच गिरवला होता. मग सात-पाचची बस तरी सात-पाचला येईल हे त्याने का मानावे? आमच्या साऱ्या परिवारात शब्दाला जागणारा काय तो एक बसवाला निघाला, आणि आम्ही त्यालाच नावे ठेवीत होतो.

माझे बालपण गिरगावात गेले. वडील एक आठवण नेहमी सांगत, ती त्या रात्री मला राहून राहून आठवली. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाण वेळ सुरू झाली, पण मुंबईने ती मनापासून घेतली नाही. शहराची स्वतःची 'मुंबई टाइम' होती, प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे, आणि ती पुढे कितीतरी वर्षे, थेट १९५५ पर्यंत वापरात राहिली. रेल्वेची वेळ एक, गावातली एक. त्यामुळे कोणी "सहाला या" म्हटले, की शहाणा माणूस आधी विचारून घेई, "मुंबईचे सहा की स्टँडर्ड सहा?" आम्ही मुले हे ऐकून हसत असू. पण त्या काळी निदान फरक ठरलेला तरी होता. ३९ म्हणजे ३९. आमच्या घरी माणशी वेगळी वेळ, आणि बाबांची वेळ तर दर दिवशी वेगळी!

आपल्या लोकांना वेळेची किंमत नाही, असे आपण फार सहज म्हणतो. मला ते खरे वाटत नाही. भोक पाडलेले तांब्याचे भांडे पाण्यावर सोडायचे, ते भरून बुडाले की एक घटका झाली. अशा ६० घटकांचा दिवस, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. हे घटिकापात्र राखून आपले पूर्वज लग्नाचा मुहूर्त साधत. आजही पत्रिकेवर मुहूर्त दहा वाजून सदतीस मिनिटांचा छापतात, आणि अंतरपाट धरायला मामा धावतपळत का होईना हजर असतो. लोकलचे तर विचारूच नका. मुंबईच्या माणसाची गाडी 'साडेआठच्या सुमाराची' कधीच नसते. आठ-बाविसची असते, आठ-एकतीसची असते. आमचे चिरंजीव लोकलला एक मिनिट उशीर करीत नाहीत. साहेबांच्या मीटिंगला पाच मिनिटे आधी हजर असतात.

मग घरीच उशीर का होतो? या प्रश्नाशी मी बराच वेळ अडून राहिले, आणि जे उत्तर सुचले ते मला आवडले नाही. गाडी आपल्यासाठी थांबत नाही. मुहूर्त थांबत नाही. साहेब थांबत नाही. त्यांच्यासाठी आपण वेळेवर असतो. मूल थांबते. म्हातारी आई थांबते, बायको थांबते. आणि जो थांबतो त्यालाच आपण थांबवून ठेवतो. मुलाला हे शब्दांत मांडता येत नाही, पण त्याला ते कळते. वेळेवर येणे म्हणजे धाकाला भिणे, आणि जिथे धाक नाही तिथे उशीर चालतो, असाच अर्थ तो यातून काढतो. आपल्याला हवी असलेली सवय ही नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी चिरंजीवांना बाजूला घेऊन नंदूचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. रागावले नाही. तो काही बोलला नाही. चष्मा काढून पुसत बसला. मग म्हणाला, "आई, मी तरी काय करणार गं? निघता येत नाही." मी म्हटले, "निघता येत नाही हे मला पटतं. पण मग सहा म्हणू नकोस. आठ म्हण. त्याला आठ चालतील. त्याला नुसतं वाट पाहणं चालत नाही."

आणि त्याला सांगताना मला उमगले, की मला स्वतःलाही एक गोष्ट करायची आहे.

पहिल्या रविवारी माझ्याच्याने झाले नाही. किल्ली दिली, मोठा काटा बोटाने धरला आणि तसाच सोडून खाली उतरले. तुम्ही हसाल, पण त्या दहा मिनिटांत ह्यांचे बोट होते. ती पुसली तर आणखी काय काय पुसले जाईल, असे काहीसे वाटून गेले. पुढच्या रविवारी मी नंदूला स्टुलावर चढवले. स्टूल मी धरले. त्याने मोबाइलवर वेळ पाहिली, आणि काटा मागे फिरवायचा नसतो म्हणून लंबक थांबवून दहा मिनिटे वाट पाहिली. आम्ही दोघे त्या बंद घड्याळासमोर दहा मिनिटे बसून होतो. मग त्याने लंबकाला हलका झोका दिला. चिरंजीव आतून आले, भिंतीकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "आई, अण्णांची दहा मिनिटं काढलीस?"

"अण्णांना गाडी गाठायची होती रे," मी म्हटले. "गाठली त्यांनी जन्मभर. आता राहू दे बरोबर."

पहिला आठवडा घरात नुसता गोंधळ! सगळ्यांना दहा वजा करायची सवय. बरोबर घड्याळातून दहा वजा करून चिरंजीवांनी लोकल चुकवली. सूनबाईचा कुकर उशिरा चढला. नंदू मात्र एकटा खूष होता. त्याला वजाबाकीच राहिली नव्हती.

आता पुढचे, ज्यासाठी बहुतेक आयाबाया हा लेख वाचत असतील. घड्याळ बरोबर झाले म्हणून मूल वेळेवर होत नाही. घड्याळ वाचता येणे निराळे आणि एखाद्या कामाला किती वेळ लागतो याचा अंदाज येणे निराळे. स्वित्झर्लंडचे ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या काळाच्या कल्पनेवर १९४६ साली एक पुस्तकच लिहिले. त्यांच्या प्रयोगांतला एक मी पहिलीच्या वर्गात करून पाहत असे. दोन खेळण्यांच्या मोटारी एकदम सोडायच्या आणि एकदम थांबवायच्या. एक जोरात, एक हळू. मग विचारायचे, जास्त वेळ कोणती चालली? लहान मुले हटकून लांब गेलेली दाखवतात. साधारण सात-आठ वर्षांनंतर हा घोटाळा सुटू लागतो. पण कामाचा अंदाज चुकणे मात्र पुढेही सुटत नाही. तुम्ही-आम्ही चकलीचा घाणा 'तासाभरात' उरकायला बसतो आणि तीन तासांनी उठतो, तेही हेच. डॅनिएल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली माणसाच्या या खोडीला एक नावही दिले. योजना आखताना होणारा भ्रम, असे आपण मराठीत म्हणू.

म्हणून मी नंदूला एक वही दिली. म्हटले, सकाळच्या प्रत्येक कामाला किती वेळ लागतो ते आधी मनाने लिही, मग मोजून लिही. त्याचा मनाचा अंदाज असा: तोंड धुणे ३ मिनिटे, आंघोळ ५, कपडे २, दूध-पोळी ४, बूट-मोजे १. बेरीज १५. मोजून निघाले ते असे: तोंड धुणे ६, आंघोळ १२, कपडे ५, दूध-पोळी ११, बूट-मोजे ६. बेरीज ४०! बूट-मोज्यांच्या सहापैकी चार मिनिटे दुसरा मोजा शोधण्यात जात होती. कोपऱ्यापर्यंत चालायला आणखी ४. एकूण ४४.

मग आम्ही उलटे मोजत गेलो. बस ७.०५. त्यातून ४४ गेली, म्हणजे ६.२१. नंदूने ते लिहिले, पेन्सिल तोंडात घातली आणि विचारले, "आजी, तुम्ही मला कधी उठवत होता?"

आम्ही त्याला पावणेसातला उठवीत होतो. भिंतीवरच्या पावणेसातला. म्हणजे खऱ्या सहा पस्तीसला. चौदा मिनिटे आमचीच कमी पडत होती, आणि बोलणी तो खात होता!

वाचकहो, इथे मला एक जुनी गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्या वर्गात एक मुलगी रोज दहा-पंधरा मिनिटे उशिरा येई. वर्गाची शिस्त म्हणून मी तिला रोज दारात उभी करी. दोन महिने करीत होते. ती कधी कारण सांगत नसे, आणि मी ते विचारले नाही. पुढे १९८१ च्या जनगणनेच्या कामाला मी त्याच वस्तीत गेले. शाळा अकराची. वस्तीच्या नळाला पाणी यायचे साडेदहाला. रांगेत हंडा घेऊन माझी ती मुलगी उभी होती, तिच्या कडेवर तिचा भाऊ होता. आई कामावर गेलेली. तिने मला पाहिले आणि हंडा पुढे ढकलला. दुसऱ्या दिवसापासून मी तिला दारात उभी केली नाही. पण माफीही मागितली नाही. बाईंनी मुलीची माफी मागायची नसते, असा तेव्हा समज होता. तो माझाही होता.

आणि हे सारे कळण्यासारखे आपल्याकडे आधीच होऊन गेले होते. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तिथली आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना आळशी ठरवले नाही. शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला, गुरे राखणारी मुले कुरण सोडून येऊ शकत नाहीत म्हणून शाळा कुरणात गेली. आधी त्यांनी मुलाचा दिवस पाहिला, मग वेळ ठरवली. मूल उशिरा येत असेल तर पहिला प्रश्न 'लाज नाही वाटत?' हा नव्हे. 'तुझी सकाळ कशी जाते?' हा आहे.

तर नंदूची सकाळ आम्ही अशी बसवली. उठणे ६.२०. मोजे रात्रीच बुटात. दप्तर रात्रीच दाराशी. 'लवकर लवकर' हा शब्द घरातून बंद, कारण त्याने कोणी लवकर होत नाही. भांबावून मात्र जाते. त्याऐवजी वहीतला तक्ता आरशाशेजारी लावला. कपडे झाले की ६.४३ असायला हवेत, हे तो स्वतः पाहतो. आणि सर्वांत अवघड नियम आम्हा मोठ्यांना. 'पाच मिनिटांत' म्हणायचे तर पाच मिनिटांत. जमणार नसेल तर आधी सांगायचे. पहिल्या दिवशी मी भाजी परतताना सवयीने "आले हं पाच मिनिटांत" म्हणाले आणि जीभ चावली. मग म्हटले, "नाही रे, वीस लागतील." नंदू "बरं" म्हणाला आणि खेळायला गेला. इतके सोपे होते ते!

त्यानंतर बस चुकलीच नाही असे मी म्हणणार नाही. दोनदा चुकली. एकदा तो न्हाणीघरात साबणाचे फुगे करीत बसला होता. त्या दिवशी रिक्षा केली नाही. मी त्याच्याबरोबर पायी शाळेत गेले, वाटेत उपदेश केला नाही, उशिराची चिठ्ठी त्याने स्वतः बाईंना दिली. आपल्या चुकीचे ओझे मुलाला त्याच्या खांद्याला पेलेल एवढे उचलू द्यावे. वरून आपल्या बोलण्याचे वजन घालू नये.

कंदिलाचे काय झाले, हे तुम्ही विचाराल. नरकचतुर्दशीच्या दोन दिवस आधी चिरंजीवांनी पुन्हा शब्द दिला. सहाचाच. नंदूने पुन्हा कामट्या मांडल्या. मी खळ शिजवली नाही. पोळलेली होते ना! साडेपाचाला फोन वाजला. "नंदू, सहा जमत नाहीत. सव्वासात धर." मी नंदूच्या तोंडाकडे पाहत होते. त्याने घड्याळाकडे पाहिले, "बरं" म्हटले आणि फोन ठेवला. मग वहीत काहीतरी लिहिले आणि खाली खेळायला गेला. सातला वर आला, हातपाय धुतले, मला म्हणाला, "आजी, आता खळ टाक."

दाराची बेल वाजली तेव्हा त्याने आधी भिंतीकडे पाहिले, मग दार उघडले. दोघे रात्री साडेदहापर्यंत बसले. कंदील एका बाजूला कलला, झिरमिळ्या कमी पडल्या, चिरंजीवांच्या कामावरच्या सदऱ्याला खळ लागली. मी निजायला जाताना वही उघडी पडली होती म्हणून पाहिली. शेवटच्या ओळीत नंदूने लिहिले होते: 'बाबांचे सव्वासात = ७.१२'.

त्या नरकचतुर्दशीला पहाटे चारला मला कोणीतरी हलवून उठवले. मला वाटले काय झाले. नंदू डोक्याला तेल थापून उभा होता. "आजी, ऊठ. अभ्यंगस्नान उजाडायच्या आत करायचं असतं. तू काल चार म्हणाली होतीस." मी चार म्हणाले होते खरे. माझ्या मनात साडेचार होते.

हा लेख दिवाळी अंकासाठी द्यायचा म्हणजे दरवर्षी संपादकांची तीन पत्रे येतात. माझे 'दोन दिवसांत पाठवते' म्हणजे किती, हे त्यांना आता पाठ झाले आहे आणि ते तेवढे दिवस आधीच मिळवून मला तारीख देतात, असा मला संशय आहे. यंदा लेख सांगितलेल्या तारखेला जात आहे. नंदू पाकीट घेऊन दाराशी उभा आहे आणि घड्याळाकडे पाहतो आहे. तेव्हा इथेच थांबते. तुम्हां सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो!